दुष्काळांतील शाळा : पंडिता रमाबाई ह्यांचें चरित्र

मुंबईच्या उत्तरेस, कांदिवलीच्या पश्चिम बाजूला, खाडीच्या अंगास चारकोप म्हणून एक गांव आहे. पूर्वीं तें खरोखरीचें गांव होतें. सन १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या कर्जसाह्यानें तेथें लहान लहान भूखंड आंखून ते बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांस घरें बांधण्यासाठीं देण्यांत आले, आणि पाहतां पाहतां त्या गांवाचें दाट वस्तीचें उपनगर झालें. सन २०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें देशांतील शाळा बंद झाल्या, तेव्हां अशा वस्त्यांतून काय हाल झाले हें पुष्कळांनीं पाहिलें आहे. धडे मोबाईलवर येत. पण घरांत मोबाईल एकच, आणि तोहि बाप कामावर घेऊन जाई. शिक्षकास शिकवावयाचें होतें, मुलांस शिकावयाचें होतें. मध्यें साधन नव्हतें. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांची दशाहि त्या काळीं ह्याहून बरी नव्हती.

संकटाच्या दिवसांत शिक्षकाच्या व विद्यार्थ्याच्या हातीं काय दिलें असतां शाळा जिवंत राहते? हा प्रश्न नवा नाहीं. चारकोपहून कांदिवली स्टेशनावर यावें आणि आगगाडीनें चर्नी रोडला उतरावें, म्हणजे गिरगांवची चौपाटी अगदीं जवळ आहे. त्या चौपाटीपाशीं ता. ११ मार्च १८८९ रोजीं एका तीस वर्षांच्या विधवा बाईंनीं एक शाळा उघडली. पुढें दोन दुष्काळ आणि एक महामारी त्या शाळेवरून गेली, तरी ती मोडली नाहीं, उलट वाढली. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहे. परंतु शिक्षकांस व विद्यार्थ्यांस साधनें पुरविणारी स्त्री ह्या दृष्टीनें त्यांचें चरित्र पाहण्याचा प्रसंग थोडा येतो. म्हणून आज तेंच वाचकांपुढें ठेवितों.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान्, आणि आचारानें कडक ब्राह्मण होते. परंतु स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये हें त्यांस मान्य नव्हतें. त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्यास आरंभ केला, तेव्हां लोकांनीं त्यांस दोष लाविला आणि त्यांस पंडितांच्या सभेपुढें आपल्या कृत्याचें समर्थन करावें लागलें. शास्त्रीबोवांच्या घरीं विद्यार्थी येऊन राहत. त्यांस विद्या मिळे आणि अन्नहि मिळे; दक्षिणा मात्र येत नसे. येणाऱ्याजाणाऱ्यांचा आदरसत्कार करतां करतां कर्ज झालें, आणि रमाबाई तान्ह्या असतांनाच त्या कुटुंबास घर सोडावें लागलें. मुलीला वेताच्या पेटाऱ्यांत घालून तो पेटारा माणसाच्या डोक्यावर देऊन रानांतून नेलें. तेव्हांपासून सोळा वर्षें तीर्थयात्रा व पुराणकथन हाच त्यांचा संसार झाला.

अशा फिरत्या संसारांत शाळा कोठली? पण ती होती. आई पहांटे मुलीस प्रेमानें उठवी आणि दिवसाचीं कामें सुरू होण्यापूर्वीं तिला पाठ देई. पाटी नाहीं, फळा नाहीं, बांक नाहीं. आईचें तोंड आणि मुलीचा कान एवढ्यावरच ती शाळा चाले. पंधरा वर्षांच्या होईपर्यंत रमाबाईंस हजारों श्लोक मुखोद्गत झाले. शिकलेली आई हें मुलाचें पहिलें साधन होय, हें रमाबाईंनीं दुसऱ्या कोणाकडून ऐकलें नव्हतें; तें त्यांनीं भोगलें होतें.

परंतु ह्याच विद्येची उणीव त्यांस लवकरच कळून आली. सन १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. जवळचा पैसा देवस्थानांत व व्रतांत संपला होता. कुटुंबास श्लोक येत होते, परंतु हातानें करावयाचें एकहि काम येत नव्हतें. आणि भीक मागण्याची लाज वाटे. अन्नावांचून दिवसांमागून दिवस गेले. रानांतील पाला व फळें खाऊन त्यांनीं प्राण धरिला. प्रथम वडील गेले, त्यांच्या पाठोपाठ आई गेली, आणि थोड्याच काळानें थोरली बहीणहि गेली. मागें उरलीं तीं रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास. हीं दोघें भावंडें पायीं हजारों मैल हिंडलीं. पांघरूण नसल्यामुळें थंडीच्या रात्रीं नदीकांठच्या वाळूंत खड्डा करून, अंगावर कोरडी वाळू ओढून तीं निजत. वाचकांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा. पुढें केडगांवास शेंकडों उपाशी मुली आल्या, तेव्हां त्यांच्याकडे पाहणारी बाई स्वतः वाळूंत निजलेली होती.

सन १८७८ मध्यें हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु मान मिळाला म्हणून दुःख संपलें नाहीं. सन १८८० त श्रीनिवास वारले. त्याच सालीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं नोंदणीपद्धतीनें विवाह केला. सन १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा ही कन्या झाली, आणि सन १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें वारले. तेविसाव्या वर्षीं, एक लहानगी मुलगी कडेवर घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्याच सालीं त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि स्त्रीधर्मनीति हें पुस्तक छापलें. त्या वर्षीं सरकारनें नेमिलेलें हंटर साहेबांचें शिक्षण कमिशन पुण्यास आलें असतां रमाबाईंची साक्ष झाली. तींत त्यांनीं मुलींच्या शाळांच्या रोगाचें मूळ दाखविलें. शिक्षिका तयार केल्यावांचून मुलींच्या शाळा चालावयाच्या नाहींत. जिला दुसऱ्यांस शिकवावयाचें आहे तिला आपली मातृभाषा शुद्ध आली पाहिजे. शिक्षिकेस पगार चांगला असावा. मुलींच्या शाळा तपासण्यास स्त्रियाच नेमाव्या. आणि स्त्रियांस वैद्यकी शिकण्याची सोय व्हावी, असें त्यांनीं सांगितलें. शाळेचा विचार करितांना आपण बहुधा इमारतीपासून आरंभ करितों. त्यांनीं शिक्षिकेपासून आरंभ केला. आमच्या मतें त्यांच्या पुढील चाळीस वर्षांच्या कामाचें बीज ह्या साक्षींत आहे.

दुसऱ्यांस शिकविण्याआधीं आपण शिकावें म्हणून रमाबाई सन १८८३ त इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमांत त्या राहिल्या, आणि त्याच वर्षीं ता. २९ सप्टेंबर रोजीं त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यांस डॉक्टरीण होण्याची इच्छा होती. परंतु कानांनीं ऐकूं येणें कमी होत चाललें आणि तो मार्ग बंद झाला. त्यांनीं दुसरा धरिला. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवीत, आणि स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकत. एका वर्गांत शिक्षिका आणि दुसऱ्या वर्गांत विद्यार्थिनी असा त्यांचा दिवस जाई.

सन १८८६ त त्यांच्या नातलग आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक कॉलेजाची पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. थोडे दिवस राहण्याचा बेत होता; राहिल्या दोन वर्षांहून अधिक. तेथें त्यांनीं फ्रोबेलची बालोद्यान पद्धति पाहिली. लहान मुलास घोकावयास न लाविता खेळ, वस्तु व गाणें ह्यांच्या योगें शिकविणारी ही पद्धति त्यांस इतकी पटली कीं, त्यांनीं तिचें रीतसर शिक्षण घेतलें. मराठी मुलींसाठीं वाचनाचीं क्रमिक पुस्तकें रचण्यासहि त्यांनीं तेथें हात घातला. परदेशांत, परक्या भाषेंत दिवसभर भाषणें द्यावयाचीं, आणि उरल्या वेळांत मराठी मुलींच्या पहिल्या पुस्तकाची चिंता वाहावयाची, हें लहान काम नव्हे.

सन १८८७ त उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं त्यांचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें आणि त्याच्या विक्रीचा पैसा भावी शाळेसाठीं जमला. त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन नांवाची मंडळी स्थापन झाली, आणि तिनें दहा वर्षें शाळेचा खर्च चालविण्याचें पत्करलें. ह्या पैशावरच चौपाटीचें शारदासदन उघडलें. त्यांत आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू ही होती. पुढें सन १८९३ त तिचा विवाह धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं झाला, आणि कर्व्यांच्या अनाथ विधवांच्या कार्यांत तिनें त्यांस जन्मभर साथ दिली. एका मुलीस पुस्तक दिलें असतां तें किती घरांत वाचलें जातें, हें ह्यावरून दिसेल.

सन १८९० त शारदासदन पुण्यास नेलें. तेथें रमाबाईंवर जें संकट आलें तें भुकेचें नव्हे, विश्वासाचें होतें. सदनांत धर्म शिकविला जाणार नाहीं, असें वचन होतें. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली येऊन बसत. त्यांस बोलावणेंहि नसे आणि हांकलणेंहि नसे. ह्यावरून वर्तमानपत्रांत मोठी ओरड झाली. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे सल्लागार सन १८९३ त दूर झाले, आणि वीसांहून अधिक मुली पालकांनीं काढून नेल्या. टीकाकारांचें सर्वच म्हणणें द्वेषाचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या मुलीचा धर्म तिच्या नकळत बदलेल अशी भीति बापास वाटणें स्वाभाविक आहे, आणि शाळा चालविणारानें ती भीति समजून घेतली पाहिजे. रमाबाईंनीं आपली प्रार्थना सोडली नाहीं आणि शाळाहि सोडली नाहीं. उरल्या मुली घेऊन त्या शिकवीत राहिल्या. अमेरिकेचें साह्य दहा वर्षांपुरतेंच आहे हें जाणून त्यांनीं पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या वाटेवर केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेतली आणि तींत फळझाडें लाविलीं. उद्यांचा विचार आज करणें ह्यास अविश्वास म्हणत नाहींत.

ती जमीन लवकरच कामास आली. सन १८९६ व १८९७ ह्या सालीं मध्यप्रांतांत घोर दुष्काळ पडला. रमाबाईंस आपले आईबाप आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. तेथें अन्नाच्या आशेनें हिंडणाऱ्या पोरक्या मुली आणि तरुण विधवा दुष्ट लोकांच्या हातीं पडत, हें त्यांनीं पाहिलें. त्यांनीं सुमारें तीनशें मुली आणिल्या. त्याच वेळीं पुण्यांत ग्रंथिज्वर सुरू झाला होता, आणि शहरांत इतक्या मुली ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हां त्यांस केडगांवच्या उघड्या माळावर नेलें. मुक्तिसदन म्हणतात तें असें उभें राहिलें.

आतां आमच्या शिक्षक बंधूंनीं मनांत ते दिवस आणून पाहावे. शेंकडों मुली, अंगावर चिंध्या, पुष्कळ रोगी, कित्येक आल्यावर थोड्याच दिवसांत मेल्या. ज्या जगल्या त्यांस अक्षर ठाऊक नाहीं. ताटावर बसावें कसें हेंहि कांहीं जणी विसरलेल्या. ह्यांस शिकविणार कोण? येथें रमाबाईंच्या मागील सात वर्षांच्या श्रमाचें फळ दिसून आलें. शारदासदनांत ज्या शिकल्या होत्या त्याच पुढें आल्या. एकेकीनें मुलींचा एकेक जथा आपल्याकडे घेतला. न्हाऊं घालणें, औषध देणें, निजविणें आणि अक्षर काढून देणें, सर्व तिनेंच करावें. काल जी विद्यार्थिनी होती ती आज शिक्षिका झाली, आणि आज जिनें पहिलें पुस्तक संपविलें तिनें उद्यां दुसरीस पहिलें पुस्तक धरून द्यावें, असा क्रम पडला. बाहेरून शिक्षिका येतील तेव्हां शाळा भरवूं, असें म्हणून त्या बसल्या असत्या तर शाळा कधींच भरली नसती.

सन १८९९ व १९०० ह्या सालीं गुजराथेंत व इतरत्र पुन्हां दुष्काळ आला. ह्या वेळीं मुक्तिसदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या लोकांस पाणी पाहिजे म्हणून विहिरी खणविल्या. धान्य पाहिजे म्हणून शेती वाढविली. रमाबाईंच्या बालपणीं त्यांच्या कुटुंबास श्लोक येत होते पण हाताचें काम येत नव्हतें, हें मागें सांगितलेंच आहे. मुक्तींत ती चूक राहिली नाहीं. मुली सकाळीं वाचीत आणि इतर वेळीं विणकाम, शिवण, शेतकाम, दूधदुभतें, तेलाचा घाणा अशीं कामें शिकत. विद्येनें मन उभें राहतें आणि कसबानें पोट. दुष्काळांत दोन्ही लागतात.

अंध मुलीहि आल्या होत्या. त्यांस कोण शिकविणार आणि कशावरून? मनोरमाबाई अमेरिकेंत शिकून परत आल्या होत्या. त्यांनीं ब्रेल लिपि शिकून घेतली होती. उठावदार ठिपक्यांवर बोट फिरवून वाचण्याची ती विद्या त्यांनीं ह्या मुलींस दिली. त्याबरोबर टोपल्या विणणें व वेताचें काम हेंहि त्या शिकल्या. ज्यांस जगानें निरुपयोगी ठरविलें होतें त्यांच्यासाठीं निराळें साधन लागतें, आणि तें शोधून आणावें लागतें. आहे तेंच सर्वांस दिलें म्हणजे न्याय झाला असें नव्हे.

रमाबाईंचें शेवटचें मोठें काम म्हणजे पवित्र शास्त्राचें भाषांतर. चालू भाषांतरांतील मराठी अडाणी स्त्रियांस कठीण जाते, हें त्यांनीं रोजच्या शिकवणींत पाहिलें होतें. संस्कृताची एवढी मोठी पंडिता. पण तिनें पांडित्य बाजूस ठेविलें. हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून त्यांनीं मूळ ग्रंथावरून सोप्या मराठींत भाषांतर केलें. तें छापलें कोणीं? मुक्तीच्याच छापखान्यांत, दुष्काळांतून आलेल्या मुलींनीं. खिळे जुळविणें, कागद छापणें, घड्या घालणें, बांधणी करणें, सर्व त्यांचेंच. एके काळीं ज्यांस अक्षर येत नव्हतें त्यांच्याच बोटांनीं तें पुस्तक अक्षर अक्षर जुळविलें.

सन १९१९ त सरकारनें रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक दिलें. सन १९२१ च्या जुलईंत मनोरमाबाई आईच्या आधीं वारल्या. ज्या हातीं सर्व काम सोंपवावयाचें तेच हात गेले. कान गेलेले, शरीर थकलेलें, एकुलती एक कन्या गेलेली. तरी रमाबाईंनीं भाषांतराचें काम टाकलें नाहीं. तें पुरें करून ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूपाशीं गेल्या. संपूर्ण ग्रंथ सन १९२४ त प्रसिद्ध झाला. केडगांवची संस्था आजहि चालू आहे.

वाचकहो, ह्या चरित्रांतून आम्हांस तीन गोष्टी घेण्यासारख्या दिसतात. पहिली, उपाशी मुलास आधीं अन्न, मग अक्षर. आपल्या मंडळींतील कोणतें मूल शाळेंत येत नाहीं हें विचारण्याबरोबर, तें काल रात्रीं जेवलें काय, हेंहि विचारावें. दुसरी, शिक्षकांची वाट पाहूं नये. ज्यास चार धडे येतात त्यानें दोन येणारास शिकवावें. सातवींतील मुलीनें तिसरींतील दोन मुलांस संध्याकाळीं घेऊन बसणें ह्यास पैसा लागत नाहीं. तिसरी, साधन शिकणाराच्या हातास आणि जिभेस जुळेल असें असावें. शहरांतील मोबाईलवरचा धडा कितीहि चांगला असो, ज्या घरीं मोबाईल नाहीं तेथें तो नसल्यासारखाच. तेथें वापरलेलें पुस्तक, एक पाटी आणि एक दिवा अधिक मोलाचा.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. प्रत्येक मंडळीनें उपासनेच्या खोलींत एक पेटी ठेवावी. वरच्या वर्गांत गेलेल्या मुलांनीं आपलीं जुनीं पुस्तकें तींत टाकावीं. ज्यास लागतील त्यानें न्यावीं आणि वर्षाअखेर परत आणावीं. तीच खोली संध्याकाळीं दोन तास अभ्यासासाठीं उघडी असावी, आणि दिव्याचा खर्च मंडळीनें सोसावा. मूल कोणाचें, कोणत्या जातीचें वा धर्माचें, हें दारांत विचारूं नये. शिक्षकाच्या घरीं दुखणें आलें किंवा पगार थकला, तर मंडळीनें त्याच्या घरीं पायली दोन पायली धान्य पोंचवावें. कारण शिक्षक उभा राहिला तरच शाळा उभी राहते.

पुढील संकट केव्हां येईल आणि कोणत्या रूपानें येईल हें कोणास ठाऊक नाहीं. दुष्काळ असेल, सांथ असेल, पूर असेल. रमाबाईंनीं केडगांवची जमीन दुष्काळ आल्यावर घेतली नाहीं. आधीं घेऊन ठेविली होती. आपली पेटीहि आजच भरावयास लागावी.